घटक ४ : विज्ञान-थरारपटाचे परीक्षण – गुणी कलावंत असूनही चित्रपट का फसतो?

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• विज्ञानकाल्पनिक कथानकातील 'मूळ कल्पना', 'नियम' आणि 'किंमत' या तीन घटकांचे स्वरूप सांगता येईल.
• कलावंताचा अभिनय आणि त्याला संहितेने दिलेला प्रसंग यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• चित्रपटातील पारिभाषिक शब्द अर्थ वाहतात की केवळ प्रभाव पाडतात, हे तपासता येईल.
• 'निराशा झाली' या प्रतिक्रियेपासून 'निराशा नेमकी कोठे व का झाली' या परीक्षणापर्यंत जाता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, संपर्क सत्रात चित्रपटाचे परीक्षण लिहावयास दिले की बहुतेक उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास आढळते : 'कलाकारांनी उत्तम अभिनय केला आहे, परंतु कथेत दम नाही.' हे वाक्य चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. कथेत दम नाही म्हणजे नेमके काय नाही? आणि कथेतच दम नसेल, तर अभिनय उत्तम झाला हे आपण कशाच्या आधारे म्हणतो? परीक्षणाचे खरे काम या दोन प्रश्नांपासून सुरू होते.

विज्ञान-थरारपटाच्या बाबतीत हे प्रश्न अधिक तीव्र होतात. कौटुंबिक चित्रपट फसला तरी त्यातील घर, नाती, भांडणे प्रेक्षकाच्या ओळखीची असतात. गुणी नट त्या ओळखीच्या आधारावर एखादा प्रसंग तारून नेऊ शकतो. विज्ञानपटातील जग मात्र संहितेने नव्याने उभे केलेले असते. ते जग डळमळीत असेल, तर नटाला पाय रोवण्यास जमीनच उरत नाही. या घटकात आपण 'रा.वन' (२०११) हा मुंबईत तयार झालेला, आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला हिंदी चित्रपट मुख्य उदाहरण म्हणून घेणार आहोत. नामवंत कलावंत, मोठा खर्च आणि मोठी अपेक्षा यांसह तो आला. प्रेक्षकांनी गर्दीही केली. तरीही एक चांगली कल्पना हातची निसटली, अशी रुखरुख तो मागे ठेवून जातो. ही रुखरुख कोठून येते, याचा शोध घेणे हा या घटकाचा विषय आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मूळ कल्पना, नियम आणि किंमत

विज्ञानकथा अशक्य गोष्ट सांगते, म्हणून ती खोटी ठरत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या 'काव्यशास्त्रा'त याविषयी एक मार्मिक भेद केला आहे. शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा, अशक्य असूनही पटणारी गोष्ट कवीने स्वीकारावी, असा त्याचा आशय आहे. म्हणजे प्रश्न 'असे घडू शकते का' हा नाही. 'हे एकदा मान्य केले तर पुढचे सारे त्यातून ओघाने येते का' हा आहे.

आपल्या परंपरेतील भस्मासुराची कथा या दृष्टीने पाहा. ज्याच्या मस्तकावर हात ठेवाल तो भस्म होईल, हा वर ही त्या कथेची मूळ कल्पना. हात मस्तकावर ठेवला गेला पाहिजे, हा तिचा नियम. वर देणाऱ्या शंकरावरच संकट ओढवते, ही तिची किंमत. आणि शेवट? मोहिनीच्या नृत्याचे अनुकरण करताना असुर स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवतो. संकट ज्या नियमातून आले, त्याच नियमातून सुटकाही येते. बाहेरून एखादे नवे अस्त्र आणावे लागत नाही. म्हणूनच ही कथा शेकडो वेळा ऐकूनही समाधान देते.

निर्मिती निर्मात्यावरच उलटणे हे सूत्र आधुनिक विज्ञानकथेच्याही मुळाशी आहे. मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) ही कादंबरी याच सूत्रावर उभी आहे. मराठीत डॉ. जयंत नारळीकर यांनी 'यक्षांची देणगी' (१९७९) या संग्रहापासून पुढे जे लेखन केले, त्याचे बळही येथेच आहे : एक वैज्ञानिक शक्यता मान्य करावयाची, तिचा नियम वाचकाला समजेल अशा भाषेत सांगावयाचा आणि माणसे तिला कसा प्रतिसाद देतात हे पाहावयाचे.

४.२.२ थरार कशातून निर्माण होतो?

थरार म्हणजे वेग किंवा स्फोट नव्हे. पुढे काय होऊ शकते याची मर्यादित जाणीव प्रेक्षकाला असणे आणि त्यांपैकी काय होईल हे माहीत नसणे, यातून थरार निर्माण होतो. कबड्डीच्या सामन्यात चढाई करणाऱ्या खेळाडूचा श्वास किती वेळ टिकेल आणि मध्यरेषा किती दूर आहे, हे आपणांस ठाऊक असते. म्हणून आपण श्वास रोखून पाहतो. श्वास सोडला तरी चालतो, असा नियम मध्येच केला, तर सारी उत्कंठा त्या क्षणी संपेल. विज्ञान-थरारपटाचेही असेच आहे. त्यातील पात्र काय करू शकते यापेक्षा काय करू शकत नाही, हे प्रेक्षकाला कळणे अधिक महत्त्वाचे असते.

४.२.३ 'रा.वन' : भक्कम प्रारंभ, भक्कम शेवट

अनुभव सिन्हा दिग्दर्शित 'रा.वन' २०११ च्या दिवाळीत प्रदर्शित झाला. लंडनमध्ये राहणारा शेखर सुब्रमण्यम हा संगणकीय खेळांचा रचनाकार आहे. मुलगा प्रतीक याच्या नजरेत वडील भित्रे आणि हास्यास्पद आहेत. मुलाला नायकापेक्षा खलनायक आवडतो. त्याचे मन जिंकण्यासाठी शेखर असा खेळ तयार करतो, की ज्यातील खलनायक नायकाहून बलवान आहे. प्रतीक 'ल्युसिफर' या टोपणनावाने तो खेळतो आणि खेळ अर्धवट सोडतो. अपुऱ्या राहिलेल्या खेळातील खलनायक आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या शोधात प्रत्यक्ष जगात उतरतो. त्याचा बळी ठरतो तो खुद्द शेखर.

ही मूळ कल्पना सशक्त आहे. वडिलांचे प्रेम, मुलाची चुकीची आवड आणि तंत्रज्ञान यांची एकच गाठ तिच्यात बसली आहे. भस्मासुराचा वर येथे वडिलांनी मुलाला दिलेल्या भेटीचे रूप घेतो. नावांची योजनाही लक्षणीय आहे. 'रा.वन' हे इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेले तांत्रिक नाव उच्चारले की 'रावण' होते, नायकाचे 'जी.वन' हे नाव उच्चारले की 'जीवन' होते. दोन भाषांच्या सांध्यावर उभा राहिलेला हा श्लेष पुराणकथा आणि संगणक यांना एका शब्दात जोडतो.

नियमही स्पष्ट सांगितले आहेत. नायक आणि खलनायक या दोघांची शक्ती 'हार्ट' नावाच्या उपकरणात आहे. खेळाच्या अंतिम पातळीवर प्रत्येकाला एकच गोळी मिळते आणि समोरच्याच्या अंगी ते उपकरण असतानाच ती गोळी त्याला मारू शकते. चित्रपटाचा शेवट या नियमांशी प्रामाणिक राहतो. उपकरण काढून ठेवलेल्या जी.वनवर गोळी झाडण्यास खलनायकाला भाग पाडले जाते. त्याची एकमेव गोळी वाया जाते. संतापून तो आपली दहा रूपे उभी करतो. दशाननाची ही आठवण समर्पक आहे. त्यांतील खरा कोण, हे मुलगा वडिलांच्या सावलीविषयीच्या बोलांवरून ओळखतो. ज्या वडिलांना तो हसत होता, त्यांचेच शब्द अखेरीस उपयोगी पडतात.

प्रारंभ आणि शेवट एवढे जुळत असताना निराशा येते कोठून? उत्तर मधल्या भागात आहे.

४.२.४ मधला भाग : धोका नाहीसा होतो, शोक बाजूला राहतो

शेखरच्या मृत्यूनंतर जी.वन प्रत्यक्ष जगात येतो, एका स्फोटात खलनायकाला तात्पुरता नामोहरम करतो आणि त्याचे 'हार्ट' ताब्यात घेतो. त्यानंतर सोनिया, प्रतीक आणि जी.वन मुंबईत येतात. येथून बराच काळ खलनायक कथेबाहेर आहे. थरारपटातून धोकाच नाहीसा झाल्यावर ती जागा भरण्यासाठी विनोद, पाहुणे कलावंत आणि गाणी येतात. अर्जुन रामपाल यांच्या रूपाने खलनायकाला ठसठशीत चेहरा मिळतो, तोवर चित्रपट बराच पुढे गेलेला असतो. आपला खलनायक नायकाहून बलवान आहे, ही ज्या कथेची प्रतिज्ञा, त्याच कथेत खलनायकाला सर्वांत कमी अवकाश मिळावा, हा रचनेतील मोठा दोष आहे.

दुसरा दोष अधिक खोल आहे. जी.वनला शेखरने आपलाच चेहरा दिलेला आहे. म्हणजे सोनियाचा पती मरण पावतो आणि काही दिवसांत त्याच्याच चेहऱ्याचे, पण त्याच्या आठवणी नसलेले यंत्र तिच्या घरात वावरू लागते. विज्ञानकथेला याहून समृद्ध प्रसंग क्वचितच मिळतो. तिला त्याच्याकडे पाहवेल का? हाक मारताना कोणते नाव ओठांवर येईल? मुलाने त्या यंत्राला वडिलांच्या जागी ठेवले, तर ते आईला चालेल का? शोकाचे एक गाणे चित्रपटात आहे. परंतु हे प्रश्न त्यानंतर गंभीरपणे विचारले जात नाहीत. यंत्राला माणसांच्या रीती कळत नाहीत, या विनोदावरच अधिक भर राहतो.

आता कलावंतांकडे पाहू. शाहरुख खान यांनी 'स्वदेस' (२००४) आणि 'चक दे! इंडिया' (२००७) मध्ये संयत अभिनयाचा प्रत्यय दिलेला होता. करीना कपूर यांनी 'ओंकारा' (२००६) मध्ये शोकांतिकेचा भार पेलला होता. अर्जुन रामपाल आणि शहाना गोस्वामी 'रॉक ऑन!!' (२००८) मध्ये लक्षात राहिले होते. सतीश शाह यांचे नाव घेताच 'जाने भी दो यारों' (१९८३) आठवतो. दिग्दर्शकही कमी प्रतीचा नव्हे. सिन्हा यांनी पुढे 'मुल्क' (२०१८) आणि 'आर्टिकल १५' (२०१९) हे गंभीर चित्रपट दिले. म्हणजे येथे गुणांची वाण नाही. वाण आहे ती प्रसंगांची. जो प्रश्न संहितेने पात्राला विचारलाच नाही, त्याचे उत्तर नट चेहऱ्यावर कसे आणणार?

तिसरा दोष 'किंमत' या घटकाशी संबंधित आहे. शेवटी जी.वन नाहीसा होतो, तेव्हा प्रतीक वडिलांचा चेहरा दुसऱ्यांदा गमावतो. चित्रपट येथे थांबला असता, तर त्या वियोगाला वजन आले असते. परंतु अखेरीस जी.वन परत येतो. दिलेली किंमत परत मिळाली की कथेने काही गमावले नाही असे वाटते, आणि जे गमावलेच नाही त्याचे दुःख प्रेक्षकालाही होत नाही.

मुंबईच्या लोकल गाडीचा थरारक प्रसंग आणि एकूण दृश्य परिणाम यांची दखल घेतलीच पाहिजे. या चित्रपटाला दृश्य परिणामांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. परीक्षकाने हे मोकळेपणाने नोंदवावे. एका अंगाच्या अपयशामुळे दुसऱ्या अंगाचे यश नाकारू नये.

४.२.५ दोन तुलना

'हिंदी चित्रपटात गाणी असतात, म्हणून विज्ञानपट जमत नाही,' असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. शंकर दिग्दर्शित 'एंथिरन' (२०१०) हा तमिळ चित्रपट, जो हिंदीत 'रोबोट' या नावाने आला, त्यातही गाणी आणि विनोद भरपूर आहेत. तरी त्यातील एक प्रसंग विसरता येत नाही. आगीत सापडलेल्या मुलीला यंत्रमानव चिट्टी बाहेर काढतो. ती स्नान करीत होती, विवस्त्र आहे, समोर कॅमेरे आणि गर्दी आहे, हे त्याला समजत नाही. त्याने आज्ञा तंतोतंत पाळलेली असते. लज्जेने ती मुलगी धावत सुटते आणि वाहनाखाली येते. 'यंत्राला आज्ञा कळते, लाज कळत नाही' हा नियम येथे एका जिवाच्या किमतीत सिद्ध होतो, आणि यंत्राला भावना शिकवण्याची पुढील कथा त्यातूनच निघते. मूळ चिट्टी 'रा.वन'मध्ये विमानतळावर क्षणभर पाहुणा म्हणून येऊन जातो. त्याच्यामागचा विचार मात्र येत नाही.

उलट, हॉलिवूडकडे सर्व साधने आहेत म्हणून तेथे असे होत नाही, हाही भ्रमच. 'ट्रान्सेन्डन्स' (२०१४) मध्ये जॉनी डेप, रिबेका हॉल, पॉल बेटनी, मॉर्गन फ्रीमन आणि किलियन मर्फी असे कलावंत होते. दिग्दर्शक वॉली फिस्टर यांनी 'इन्सेप्शन'च्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळवलेले होते. मरणासन्न संशोधकाचे मन संगणकात उतरवले जाते, ही त्याची कल्पना. परंतु त्यानंतर त्या मनाची शक्ती वाढतच जाते. ते रोग बरे करते, जखमा भरते, माणसांना आपल्या कह्यात घेते. जे सर्व काही करू शकते, त्याच्याविषयी उत्कंठा कशी वाटावी? मर्यादा सुटली की थरार सुटतो, याचे हे दुसरे उदाहरण.

४.२.६ पारिभाषिक शब्द : संज्ञा की मंत्र?

भाषेच्या विद्यार्थ्याने विज्ञानपटाच्या संवादांकडे विशेष लक्ष द्यावे. अशा संवादांत तांत्रिक शब्द दोन प्रकारे येतात. काही शब्द संज्ञा म्हणून येतात : त्यांना निश्चित अर्थ असतो, त्यांतून काय होईल आणि काय होणार नाही हे कळते. काही शब्द मंत्र म्हणून येतात : ते गंभीरपणे उच्चारले जातात, ऐकणारे पात्र मान डोलावते आणि कथा पुढे सरकते.

यासाठी एक सोपी कसोटी वापरा. तो शब्द काढून त्या जागी 'जादू' हा शब्द ठेवा. कथेत काही बिघडले, तर मूळ शब्द संज्ञा होता. काही न बिघडले, तर तो मंत्र होता. 'रा.वन'मधील 'हार्ट' ही संज्ञा आहे, कारण ते असणे-नसणे यावर शेवट अवलंबून आहे. परंतु खेळातील पात्र प्रत्यक्ष जगात कसे येते, याविषयी उपकरणांतून निघणाऱ्या बिनतारी लहरींचे जे स्पष्टीकरण दिले आहे, तेथे 'जादू' शब्द ठेवला तरी फारसे बिघडत नाही.

४.२.७ हा प्रश्न आपल्या बांधापर्यंत येतो

हे सारे चित्रपटापुरतेच आहे, असे काही विद्यार्थ्यांना वाटेल. यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थ्याला तरी तसे वाटू नये. आपल्याकडे 'बीटी' हा शब्द शाळा न शिकलेला माणूसही वापरतो. २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली आणि काही वर्षांत आपली शिवारे त्याने व्यापली. हा शब्द संज्ञा म्हणून समजून घेतला, तर त्याच्यासोबत मर्यादाही कळते : एका जिवाणूच्या जनुकामुळे हे वाण बोंडअळीला प्रतिकार करते, मावा, तुडतुडे, फुलकिडे यांसारख्या रसशोषक किडींना नव्हे. आणि अळीतही कालांतराने प्रतिकारशक्ती येऊ शकते, जशी ती गुलाबी बोंडअळीत आली. हाच शब्द मंत्र म्हणून घेतला, तर 'बीटी आहे, आता कीड नाही' एवढेच उरते.

२०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. त्यामागे अनेक कारणे होती. एका शब्दावर त्यांचा भार टाकणे अन्यायाचे होईल. परंतु नियम कोणता, मर्यादा कोणती, किंमत कोण मोजतो, हे तीन प्रश्न तेव्हा आपल्या दारात उभे होते. चांगली विज्ञानकथा हेच प्रश्न विचारण्याची सवय लावते. म्हणून ती फसते तेव्हा केवळ तिकिटाचे पैसे वाया जात नाहीत. विचार करण्याची एक संधी हुकते. परीक्षकाची निराशा अशा गमावलेल्या संधीविषयी असावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. विज्ञानकाल्पनिक कथानकाचे तीन घटक कोणते?
२. 'रा.वन'च्या मधल्या भागात थरार का ओसरतो?
३. 'संज्ञा' आणि 'मंत्र' ओळखण्याची कसोटी कोणती?

ब) चूक की बरोबर ते सांगा.
१. विज्ञानकथेतील घटना प्रत्यक्षात शक्य असलीच पाहिजे.
२. पात्राची मर्यादा प्रेक्षकाला ठाऊक असणे थरारासाठी आवश्यक असते.

४.३ सारांश

विज्ञान-थरारपट एका अशक्य कल्पनेवर उभा असतो आणि तिचा नियम पाळल्याने विश्वसनीय होतो. 'रा.वन'मध्ये मूळ कल्पना सशक्त आहे आणि शेवट नियमाशी प्रामाणिक आहे. परंतु मधल्या भागात धोका नाहीसा होतो, शोकाचा प्रश्न विनोदात विरतो आणि अखेरीस किंमत परत केली जाते. त्यामुळे गुणी कलावंतांना त्यांच्या गुणांना साजेसे प्रसंग मिळत नाहीत. 'एंथिरन'शी तुलना केल्यास दोष गाण्यांचा नाही हे कळते, तर 'ट्रान्सेन्डन्स'शी तुलना केल्यास साधनांची विपुलता पुरेशी नसते हे कळते. परीक्षकाने यश आणि अपयश यांच्या जागा नेमक्या दाखवाव्यात.

४.४ पारिभाषिक शब्द

मूळ कल्पना : कथेने प्रारंभी मान्य करावयास सांगितलेली असाधारण गोष्ट.
नियम : त्या कल्पनेची कथेतील कार्यपद्धती आणि मर्यादा.
किंमत : त्या कल्पनेमुळे पात्रांना भोगावे लागणारे, परत न मिळणारे नुकसान.
दृश्य परिणाम : संगणक वा अन्य तंत्राने पडद्यावर निर्माण केलेली दृश्ये.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) १. मूळ कल्पना, नियम आणि किंमत. २. खलनायक बराच काळ कथेबाहेर राहिल्याने धोकाच उरत नाही. ३. त्या शब्दाच्या जागी 'जादू' हा शब्द ठेवून कथेत काही बिघडते का, ते पाहणे.
ब) १. चूक. २. बरोबर.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'संहितेने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नट देऊ शकत नाही,' या विधानाची आपल्या आवडत्या कलावंताच्या एका फसलेल्या चित्रपटाच्या आधारे चर्चा करा.
२. भस्मासुराची कथा आणि 'रा.वन' यांची नियम व शेवट या दृष्टींनी तुलना करा.
३. सुजय डहाके दिग्दर्शित 'फुंतरू' (२०१६) हा मराठी विज्ञानपट पाहा. त्याची मूळ कल्पना, नियम आणि किंमत प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा आणि त्यावरून सुमारे ३०० शब्दांत परीक्षण करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील शेतकरी, परिचारिका, वीज कर्मचारी किंवा भ्रमणध्वनी दुरुस्त करणारे कारागीर यांच्याशी बोला. त्यांच्या रोजच्या वापरातील पाच तांत्रिक शब्द नोंदवा. प्रत्येक शब्दाचा नियम आणि मर्यादा त्यांनी कशी सांगितली, ते त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा. मग ठरवा : तो शब्द त्यांच्यासाठी संज्ञा आहे की मंत्र? विद्यार्थिमित्रहो, अनेकदा आपणांस असे आढळेल की ज्याच्या हाताला काम आहे, त्याच्या तोंडी तो शब्द संज्ञा असतो. मंत्र असतो तो आपल्या. ते आढळले, तर तसे स्पष्ट लिहा.